सिंगल स्पीडच्या मागच्या चाकाचे स्पोक सारखे तुटतायत? तयार चाक घ्यायचं की बांधून घ्यायचं

एक स्पोक तुटला, दुकानात बदलून घेतला, आउट काढलं म्हणजे चाकाची वाकडी चाल सरळ करून घेतली, दोन-तीन आठवडे बरे गेले आणि त्याच चाकाचा दुसरा स्पोक गेला. तो बदलला तर तिसरा. आणि जवळजवळ नेहमी मागचंच चाक. सिंगल स्पीड, म्हणजे एकाच गिअरची सायकल, चालवणाऱ्यांकडून ही तक्रार सतत कानावर येते आणि शेवटी गाडी एकाच प्रश्नावर येऊन थांबते, आता कंपनीचं तयार चाक घेऊन टाकू का कुणाकडून हातानं बांधून घेऊ?

मी माझी आणि आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांची चाकं बांधते, पुण्यातल्या रस्त्यांवर रोज चालणारी, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधीच सांगून टाकते, चाक मशीननं बांधलंय का माणसानं हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न म्हणजे स्पोकना पुरेसा ताण आहे का, आणि तो सगळ्यांना सारखा आहे का. हे जमलेलं तयार चाक वर्षानुवर्षं त्रास देत नाही आणि हे न जमलेलं महागडं हातचं चाकसुद्धा स्पोक तोडतं. पण ज्यांचे स्पोक तुटायला लागलेच आहेत त्यांना मी बहुतेक वेळा सांगते की हब (चाकाच्या मधोमधचा, एक्सलवर फिरणारा भाग) चांगला असेल तर तोच ठेवा आणि नवे स्पोक घालून चाक बांधून घ्या. का ते सांगते.

सगळ्यात आधी, तुटलेला स्पोक फेकू नका. तो कुठे तुटलाय ते बघा, अर्धं निदान तिथेच होतं.

हबच्या फ्लँजमधून, म्हणजे दोन्ही बाजूंच्या भोकं असलेल्या कड्यातून, बाहेर पडताना स्पोक जिथे वाकलेला असतो, त्या कोपरावर तुटला असेल तर तो थकून तुटलाय. जोरात आपटून नाही, हळूहळू. दहातले बहुतेक याच प्रकारातले असतात आणि आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तो त्रास हाच. निपल म्हणजे स्पोकला रिममध्ये धरणारा छोटा नट, त्याच्याजवळ आट्यांवर तुटला असेल तर निपल रिममध्ये तिरका बसलाय किंवा स्पोकची लांबी चुकलीये. निपलचं डोकंच उडालं असेल तर स्पोक आखूड पडलाय, म्हणजे स्पोकचं टोक निपलच्या डोक्यापर्यंत पोचलंच नाही आणि सगळा भार निपलच्या मानेवर आला, अ‍ॅल्युमिनियमच्या निपलमध्ये हे जास्त दिसतं. फ्लँजच्या जरा बाहेर, चेनच्या बाजूला, ओरखडा पडून तुटला असेल तर कधीतरी चेन उतरून आत घुसली होती. आणि स्पोक शाबूत पण रिमला निपलच्या भोकाशी बारीक भेगा दिसत असतील तर रिमच संपली, तिथे स्पोकशी खेळत बसू नका.

आता कोपरावर का तुटतो ते नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा समज उलटा असतो. लोकांना वाटतं स्पोक जास्त टाइट होता म्हणून तुटला. बहुतेक वेळा तो सैल होता म्हणून तुटलेला असतो. चाक फिरताना रस्त्याला टेकलेल्या भागातल्या तीन-चार स्पोकचा ताण क्षणभर कमी होतो आणि ते वर गेले की परत येतो. म्हणजे प्रत्येक फेरीत प्रत्येक स्पोक एकदा ढिला होतो आणि एकदा ताणला जातो. ७०० सी, म्हणजे रोड सायकलच्या नेहमीच्या मापाच्या, चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला ४७० च्या वर फेऱ्या, हजार किलोमीटरला पावणेपाच लाख. ताण मुळात भरपूर असेल तर कमी झाला तरी स्पोक खेचलेलाच राहतो आणि कोपर फ्लँजवर घट्ट बसून राहतो. ताण मुळातच कमी असेल तर खाली आल्यावर स्पोक पूर्ण सैल पडतो, कोपर भोकात हलतो, वाकतो, परत सरळ होतो, आणि हे लाखो वेळा. शेवटी तिथे चीर जाते. म्हणून स्पोक खड्ड्यात आदळल्यावरच तुटतो असं नाही, कधीकधी साध्या सपाट रस्त्यावर टिंग आवाज येऊन जातो आणि माणूस चक्रावतो की मी तर काही केलंच नाही.

मागचंच चाक का, तर वजनाचा मोठा वाटा मागे असतो, साठ टक्क्यांच्या आसपास, वर बॅग कॅरियरला. सिंगल स्पीडवर चढाला उभं राहून जोर लावतो म्हणून तुटतात असंही ऐकते. पॅडलचा जोर सगळ्या स्पोकमध्ये वाटला जातो, वजनामुळे होणाऱ्या चढउतारापुढे तो भाग छोटा आहे. तेव्हा कात्रजचा चढ चढायचं सोडू नका, चाक नीट करा.

आणि आता सांगते की एक-एक स्पोक बदलून हा त्रास का संपत नाही. चाकातले सगळे स्पोक एकाच दिवशी बसवलेले, सगळ्यांनी तेवढ्याच फेऱ्या खाल्लेल्या, तोही कमी ताणात. पहिला तुटला म्हणजे बाकीच्यांच्या कोपरावर चिरा सुरू झालेल्या असण्याची शक्यता मोठी, फक्त दिसत नाहीत. तुम्ही नवा टाकलात तो एकटाच ताजा. शिवाय तुटलेल्याच्या शेजारचे आठवडाभर जास्तीचा भार घेऊन चाललेले असतात. त्यामुळे माझा सरळ हिशोब असा आहे की नव्या चाकाचा पहिला स्पोक गेला तर तो बदला पण त्याच वेळी अख्ख्या चाकाचा ताण वाढवून सारखा करून घ्या, बऱ्याचदा तेवढ्यानं थांबतं. दुसरा गेला तर लक्ष ठेवा. तिसरा गेला, तोही चाकाच्या वेगळ्याच भागात, तर सगळे स्पोक काढा, त्यांच्यावर आणखी वेळ आणि पैसा घालू नका.

एक गोष्ट खास बघा. चेनच्या बाजूचा स्पोक बदलायला फ्रीव्हील, म्हणजे मागच्या हबवर आट्यांनी बसवलेली दातेरी चकती, काढावं लागतं, आणि सिंगल स्पीडचं फ्रीव्हील पॅडल मारून मारून इतकं आवळलेलं असतं की ते काढायचा कंटाळा केला जातो. मग काही ठिकाणी स्पोक वाकवून, आकडा करून कसातरी घुसवतात. तो स्पोक सुरुवातीपासूनच अधू असतो, त्या बाजूचा ताण पुन्हा कधी सारखा होत नाही. फ्रीव्हील काढायची खाचेची चावी त्या फ्रीव्हीलप्रमाणे वेगळी असते, काहींना दोन खाचा, काहींना चार. आपल्या फ्रीव्हीलची चावी स्वतः घेऊन ठेवा, स्वस्त मिळते, आणि दुकानात जाताना बरोबर न्या.

आता "आउट काढणं" या प्रकाराबद्दल. आउट काढून चाक सरळ फिरतं, ब्रेकला घासत नाही, आपण खूश. पण सरळ फिरणं आणि ताण सारखा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खड्ड्यात रिम थोडी वाकली तर एक स्पोक प्रचंड आवळून आणि शेजारचा पार सैल सोडून ती सरळ दिसेल अशी ओढता येते. डोळ्याला चाक सरळ, आत मात्र एक स्पोक सगळा भार घेतोय आणि दुसरा फुकट बसलाय. ओळखायचं कसं तर बोटानं किंवा नखानं स्पोक वाजवा, एका वेळी एकाच बाजूचे, दोन स्पोक एकमेकांना चिकटतात त्याच्यावरच्या भागात. एकाच लांबीचे, एकाच जाडीचे स्पोक सारख्या ताणात असतील तर सारखा सूर देतात. तंबोरा जुळवताना जसं कानाला लगेच कळतं तसंच, एखादा भद्द वाजला की तो सैल. गाण्याचं अंग नसलं तरी चालतं, फरक ऐकू येतो. ताण मोजायचा मीटर मिळतो, पार्क टूलचा बऱ्याच ठिकाणी दिसतो, चांगल्या दुकानात असतोच. सर्वसाधारण डबल वॉल (आतून दुहेरी भिंतीच्या) रिमवर मागच्या चाकाचे स्पोक १०० ते १२० किलोच्या ताणात असावेत, मात्र रिमवर कंपनीनं कमाल आकडा दिला असेल तर तो पाळायचा.

इथेच सिंगल स्पीडवाल्यांचा मोठा फायदा आहे, ज्याकडे कुणी लक्ष देत नाही. गिअरच्या सायकलला उजवीकडे आठ-दहा-अकरा चकत्यांना जागा द्यायची असते, त्यामुळे हबचा उजवा फ्लँज आत सरकतो पण रिम तर फ्रेमच्या मधोमधच हवी. मग उजवे स्पोक जवळजवळ उभे आणि खूप ताणलेले, डावे तिरके आणि त्यांना ताण जेमतेम निम्मा-साठ टक्के. यालाच डिश म्हणतात. डावे स्पोक त्यामुळे सैल पडून तुटतात. खऱ्या सिंगल स्पीड हबला ही भानगडच नाही, दोन्ही फ्लँज मध्यापासून जवळजवळ सारख्या अंतरावर, दोन्हीकडचा ताण जवळजवळ सारखा. इतकं चांगलं चाक गिअरवाल्यांना मिळत नाही. तेव्हा खऱ्या सिंगल स्पीड हबवर स्पोक सारखे तुटत असतील तर तो प्रकाराचा दोष नाही, ते चाक नीट बांधलंच गेलेलं नाही.

पण तुमचा हब खरंच सिंगल स्पीडचा आहे का ते तपासा. जुनी गिअरची सायकल सिंगल स्पीड करून घेतलेल्यांची संख्या बरीच आहे. कॅसेटच्या हबवर, म्हणजे जिथे चकत्या आट्यांवर न फिरवता सरकवून बसवतात, स्पेसर आणि एक चकती टाकून केली असेल तर गिअर गेले, डिश मात्र तशीच राहिली. आट्यांचा जुना हब असेल, ज्यावर आधी सहा-सात चकत्यांचं फ्रीव्हील होतं, तर तिथे सोपा उपाय आहे. एक चकतीच्या फ्रीव्हीलला उजवीकडे तेवढी जागा लागत नाही. एक्सलवरचे स्पेसर उजवीकडून काढून डावीकडे टाकायचे, हब उजवीकडे सरकतो, मग रिम परत मध्यावर आणायची. दोन्हीकडचा ताण जवळ येतो. फ्रीव्हीलही बाहेर सरकतं, तेव्हा पुढच्या चकतीच्या रेषेत येतंय का ते बघा, बहुतेक वेळा उलट आधीपेक्षा चांगलंच जुळतं. कॅसेटच्या हबला हे करता येत नाही. एक्सलची लांबी आणि फ्रेमची मागची जागाही जुळली पाहिजे, ट्रॅक (शर्यतीच्या ट्रॅकवरच्या सायकलच्या) पद्धतीचे हब १२० मिलीमीटरचे असतात आणि रोड फ्रेमची जागा १२६ किंवा १३०, फ्रेम दाबून बसवू नका, स्पेसर घाला.

आता मूळ प्रश्न, तयार का हातचं.

तयार चाक मशीनवर बांधलं जातं. मशीन रिम सरळ करण्यात हुशार असते, पण भरपूर ताण देणं वेळखाऊ काम आहे, कारण ताण वाढला की निपल फिरवताना स्पोक स्वतःच पिळला जातो, तो पीळ काढत काढत जावं लागतं. स्वस्त चाकात तेवढा वेळ कुणी देत नाही, म्हणून ती सरळ असतात पण सैल असतात. नव्या चाकावर पहिल्यांदा बसल्यावर टिंग-टिंग आवाज येतात ते पिळलेले स्पोक सुटण्याचे. ते सुटले की चाक आउट होतं आणि ताण आणखी उतरतो. म्हणजे दोष मशीनचा नाही, शेवटचा अर्धा तास कुणी दिला नाही त्याचा आहे. आणि तो अर्धा तास आपण देऊ शकतो! नवं तयार चाक घेतलंत तर सायकलला लावायच्या आधी ते एखाद्या चांगल्या कारागिराकडे न्या आणि स्पष्ट सांगा, काका, नुसतं आउट नको, दोन्ही बाजूंचा ताण वाढवून सारखा करून द्या. शेजारशेजारचे समांतर स्पोक जोडीजोडीनं मुठीत धरून जोरात दाबायचे, अख्ख्या चाकाभोवती, म्हणजे कोपर फ्लँजवर नीट बसतात आणि पीळ सुटतो, मग परत आउट बघायचं, परत दाबायचं, आवाज यायचे थांबेपर्यंत. हे केलेलं साधं तयार चाक हातच्या चाकाच्या फार मागे राहत नाही, हे मी मनापासून सांगते.

फक्त कोणतं तयार चाक घेताय ते बघा. ३२ किंवा ३६ स्पोक, साधे वाकलेल्या कोपराचे, तीन क्रॉसमध्ये भरलेले (प्रत्येक स्पोक त्याच बाजूच्या तीन स्पोकना ओलांडून जातो असे), डबल वॉल रिम. असं असेल तर स्पोक गावात मिळतो आणि एखादा तुटला तरी ब्रेक जरा मोकळा करून घरी येता येतं. २० किंवा २४ चपट्या सरळ स्पोकची चाकं दिसायला देखणी, पण एक गेला की रिम लगेच फ्रेमला घासते आणि तो स्पोक कंपनीकडून मागवण्यात सायकल महिनाभर उभी. रोज ऑफिसला जाणाऱ्यानं ती घेऊ नयेत. रंगीत उंच रिमच्या सिंगल स्पीड सायकली हल्ली खूप दिसतात, त्या रिम जड असल्या तरी ताठ असतात, स्पोकच्या दृष्टीनं वाईट नाहीत. पण ब्रेक लागतो त्या बाजूवर रंग असेल तर रंग घासून जाईपर्यंत ब्रेक नीट धरत नाही, पावसाळ्यात हे अंगाशी येतं.

हातानं बांधून घेणं कधी, तर तीन परिस्थितींत मी दुसरा विचारही करत नाही. स्पोक कोपरावर ओळीनं तुटतायत आणि हब चांगला आहे तेव्हा. तुमचं वजन जास्त आहे किंवा कॅरियरवर रोज सामान असतं तेव्हा, कारण मग ३६ स्पोक, कुठली रिम, कुठले स्पोक हे सगळं आपल्याला ठरवता येतं. आणि रिम ब्रेकनं रिम झिजून आत गेली असेल तेव्हा, जे आपल्याकडे पावसाळ्यातल्या चिखलरेतीनं लवकर होतं. या तिसऱ्या वेळी स्पोक तुटत नसतील आणि नवी रिम आतल्या मापानं जुनीसारखीच असेल तर जुनेच स्पोक वापरता येतात, नवी रिम जुन्या रिमला टेपनं शेजारी चिकटवायची आणि एकेक स्पोक इकडून तिकडे न्यायचा. खर्च फक्त रिमचा. स्पोक तुटायला लागलेले असतील तर मात्र हा मार्ग नाही.

बांधून घेताना पैसे स्पोकवर खर्च करा. आपल्याकडे मजुरी अजून परवडते, चांगल्या स्पोकला जास्त पैसे पडतात, आणि ते तिथेच घालावेत. स्टेनलेस स्टीलचे घ्या, डीटी स्विस किंवा सापिमसारखे, गॅल्व्हनाइज्ड स्पोक कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत लवकर गंजतात. मधे बारीक आणि टोकांना जाड असलेले, २.० - १.८ - २.० मिलीमीटरचे, सरसकट २ मिलीमीटरच्या स्पोकपेक्षा कोपरासाठी चांगले, कारण लवचीकपणा मधल्या भागात येतो आणि कोपरावरचा मार कमी होतो. ऐकायला उलटं वाटतं, बारीक स्पोक जास्त टिकणार, पण खरं आहे. निपल पितळेचे. अ‍ॅल्युमिनियमचे नको, रोजच्या सायकलवर त्यानं वाचणाऱ्या थोड्याशा ग्रॅमांचा काही उपयोग नाही. लांबीत दोन मिलीमीटरचा फरकसुद्धा चालत नाही म्हणून रिम आणि हब हातात घेऊन मोजल्याशिवाय स्पोक मागवू नका, "७०० ला अमुक लांबी लागते" असं तोंडी उत्तर घेऊन तर नकोच. फ्लँज पातळ असेल आणि स्पोकचं डोकं भोकात हलत असेल तर डोक्याखाली बारीक पितळी वायसर टाकतात, छोटी गोष्ट आहे पण कोपर घट्ट बसतो.

जुन्या काळ्या २८ इंची सायकलींचं उदाहरण लोक देतात की दूधवाल्यांचे कॅन वाहूनही स्पोक तुटत नव्हते. त्या चाकांत पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असायचे, टायर जाड, डिश नाही. तेच तत्त्व आजही आहे. फक्त त्या स्टीलच्या रिम पावसात ब्रेक धरत नाहीत, म्हणून मजबुतीसाठी तिकडे परत जायची गरज नाही, अलॉय रिमवर ३६ नीट ताणलेले स्पोक पुष्कळ झाले.

कारागीर निवडताना दुकानाची चकाचक बघू नका. दोन गोष्टी विचारा, आट्यांना तेल लावता का आणि बांधल्यावर स्पोक दाबून बसवता का. ज्याला हे प्रश्न कळतात त्याच्याकडे चाक द्या. पुण्यात पेठांतून अजूनही असे जुने कारागीर आहेत ज्यांचा हात मीटरपेक्षा पक्का आहे, आणि त्यांच्याकडे काम गेलं पाहिजे असं मला फार वाटतं, कारण हे कसब कुणी मागितलं नाही तर पुढच्या पोराला कोण शिकवणार.

स्वतः करणार असाल तर स्पोक चावी निपलच्या मापाचीच घ्या, ३.२३ आणि ३.४५ मिलीमीटर ही दोन मापं जास्त लागतात, सैल चावी निपलचे कोपरे गोल करते आणि मग काहीच हलत नाही. टायरच्या बाजूनं बघताना घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की आवळतं, हबच्या बाजूनं बघितलं की उलटं दिसतं, इथे सगळे गोंधळतात. एका वेळी पाव फेरी. आणि पीळ काढायला थोडं पुढे नेऊन तेवढंच मागे.

बांधून आणलेलं चाक पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरनंतर एकदा परत दाखवा, थोडं बसतं ते. टायरमध्ये हवा कमी ठेवून खड्डे घेऊ नका, २८ मिलीमीटर रुंद टायरला माझ्या वजनाला मी मागे ८० पीएसआय ठेवते, जड माणसानं थोडी जास्त. चाक परत दाखवाल तेव्हाच हबचे कोनही (बेअरिंगच्या गोळ्या जागेवर धरणारे एक्सलवरचे नट) तपासून घ्या, एक्सल धरून चाक आडवं हलवलं आणि खटखट लागलं तर कोन सैल आहेत, आणि तसं असेल तर रिम ब्रेकला घासते ती स्पोकमुळे नाही, तेव्हा आधी कोन, मग आउट.